एक सलाईन का पुरत नाही? – आजारी कुत्र्या-मांजरांची दवाखान्यातील शुश्रूषा

घरातले कुत्रे किंवा मांजर आजारी पडले, की आपल्याकडे साधारणपणे एक क्रम ठरलेला असतो. पहिला दिवस ‘उद्यापर्यंत बरे होईल’ यात जातो. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याने सांगितलेले औषध किंवा घरातल्या मुलाची उरलेली गोळी दिली जाते. तिसऱ्या दिवशी जनावर मान टाकते, तेव्हा धावपळ करून त्याला दवाखान्यात नेले जाते. डॉक्टर सलाईन लावतात, दोन-तीन इंजेक्शने देतात. तासाभरात जनावर डोके वर करते, शेपूट हलवते आणि घरची मंडळी समाधानाने त्याला रिक्षात घालून परत आणतात. रात्री पुन्हा उलट्या आणि जुलाब सुरू होतात, आणि पुष्कळदा सकाळी ते दगावलेले असते. मग ‘त्याला सलाईन सोसले नाही’ असे म्हटले जाते.

वास्तविक सलाईन सोसले नाही असे क्वचितच घडते. ते पुरलेले नसते. गंभीर आजारात पाळीव प्राण्याला वाचवते ती तासातासाने होणारी देखरेख. तिच्यासाठीच त्याला दवाखान्यात दाखल करावे लागते, आणि जेथे तशी सोय नाही तेथे ती देखरेख दुसऱ्या मार्गाने उभी करावी लागते. आजच्या लेखात हे कसे करायचे, याची माहिती घेऊ.

मुक्या रुग्णाची भाषा

माणूस आजारी पडला तर ‘चक्कर येते’, ‘घसा कोरडा पडला’ असे सांगतो. मुके जनावर सांगू शकत नाही. शिवाय दुखणे लपवण्याची प्राण्यांची प्रवृत्ती असते. मांजर तर कोपऱ्यात किंवा पलंगाखाली जाऊन बसते आणि घरच्यांना वाटते, ते झोपले आहे. म्हणून दवाखान्यातले कर्मचारी काही ठरावीक गोष्टी पुन्हा पुन्हा पाहून कागदावर लिहीत असतात. त्या आपणही शिकून घ्याव्यात.

निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते. म्हणजे माणसाच्या दृष्टीने जो ताप, तो कुत्र्याचा रोजचा नियम. त्यामुळे नुसता हात लावून ‘अंग गरम आहे’ असे ठरवण्यात अर्थ नसतो. तापमान 99 च्या खाली गेले असेल, तर ते तापाइतकेच, किंबहुना अधिक, काळजीचे असते. स्वस्थ बसलेले कुत्रे मिनिटाला साधारण 10 ते 30 वेळा श्वास घेते. हिरड्या गुलाबी आणि ओलसर असाव्यात. हिरडीवर बोट दाबून सोडले की पांढरा पडलेला डाग दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. तसे होत नसेल तर रक्ताभिसरण मंदावले आहे असे समजावे. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती तशीच उभी राहिली, तर शरीरातले पाणी बरेच कमी झालेले असते.

या खुणा तासातासाला बदलतात. सकाळी ठीक दिसलेले पिल्लू दुपारी थंडगार पडू शकते. दिवसातून एकदा दवाखान्यात नेऊन आणण्याने हा बदल हाती लागत नाही.

सलाईनचा हिशेब

सलाईनची एक बाटली म्हणजे एक उपचार, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात पशुवैद्यक तीन बेरजा करतात. उदाहरणार्थ, जुलाब आणि उलट्यांनी आजारी असलेले 5 किलो वजनाचे पिल्लू घेऊ.

पहिली बेरीज, आतापर्यंत गेलेल्या पाण्याची. कातडी उभी राहत असेल आणि डोळे आत गेले असतील, तर वजनाच्या सुमारे 8 टक्के पाणी कमी झाले असे धरतात. 5 किलोचे 8 टक्के म्हणजे 400 मिलिलिटर. दुसरी बेरीज रोजच्या गरजेची. किलोला सुमारे 60 मिलिलिटर धरले तर ती 300 मिलिलिटर होते. तिसरी बेरीज, उपचार चालू असतानाही उलट्या-जुलाबांतून जाणाऱ्या पाण्याची. ती 100 ते 200 मिलिलिटर सहज होते. एकूण झाले 800 ते 900 मिलिलिटर, आणि तेही एका दिवसाचे. दवाखान्यात तासभर थांबून शंभर-दीडशे मिलिलिटर घेतलेल्या पिल्लाची किती तूट भरली, हे यावरून वाचकांच्या लक्षात येईल.

मग सगळे एकदम का देत नाहीत, असे कोणी विचारील. अंगातले पाणी फार कमी होऊन रक्तदाब पडला असेल, तर सुरुवातीचा काही भाग जलद द्यावाच लागतो. पण बाकीचे द्रव घाईने सोडले तर लहान पिल्लाच्या किंवा मांजराच्या फुप्फुसांत पाणी साचून दम लागतो. म्हणून ते चोवीस तासांत पसरून, थेंब मोजून द्यावे लागते. शिवाय उलट्या-जुलाबांतून पाण्याबरोबर पोटॅशियमसारखे क्षारही जातात. पोटॅशियम कमी पडले की स्नायू दुबळे होतात, आतडी मंदावतात. पण ते भरून काढताना भराभर दिले तर हृदय बंद पडू शकते. लहान पिल्लांच्या रक्तातली साखरही झपाट्याने उतरते आणि त्यांना झटके येतात. म्हणून बाटलीत काय मिसळायचे आणि कोणत्या वेगाने सोडायचे, हे दिवसातून अनेकदा ठरवावे लागते. पायाच्या शिरेत बसवलेली प्लॅस्टिकची नळी त्यासाठीच दोन-तीन दिवस तशीच ठेवतात. ती काढण्याचा आग्रह धरू नये.

पार्वो : दाखल करण्याचे सर्वांत मोठे कारण

कुत्र्यांच्या पिल्लांमधला पार्वो हा विषाणूजन्य आजार आता बहुतेकांना नावाने माहीत आहे. 1978 साली तो जगात अनेक ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी दिसून आला. त्याआधी कुत्र्यांमध्ये या रूपात तो माहीत नव्हता. दीड ते सहा महिन्यांच्या, लस न दिलेल्या पिल्लांना तो विशेष होतो. पिल्लू आधी सुस्त होते, खाणे सोडते, मग उलट्या आणि दुर्गंधीयुक्त, रक्तमिश्रित जुलाब सुरू होतात. विषाणू आतड्याचे अस्तर सोलून काढतो आणि त्याच वेळी अस्थिमज्जेवर हल्ला करून रक्तातल्या पांढऱ्या पेशीही कमी करतो. त्यामुळे आतड्यातले जंतू रक्तात शिरतात आणि त्यांच्याशी लढायला शरीरात शिपाईच उरत नाहीत.

या आजारात उपचार केलेच नाहीत, तर 10 पैकी सुमारे 9 पिल्ले मरतात. दवाखान्यात ठेवून नीट शुश्रूषा केली, तर 10 पैकी 8 ते 9 वाचू शकतात. एवढा मोठा फरक कोणत्या जादूच्या इंजेक्शनाने पडतो, असे वाटेल. पण तो पडतो मुख्यतः द्रव, क्षार, साखर, ऊब, उलटीवरचे औषध, प्रतिजैविके आणि अन्न या साध्या गोष्टी वेळच्या वेळी दिल्याने. पार्वोचे पिल्लू साधारणपणे 4 ते 7 दिवस दवाखान्यात ठेवावे लागते. दुसऱ्या दिवशी जरा तरतरी आली म्हणून घरी नेण्याची घाई अनेकदा पिल्लाच्या जिवावर बेतते.

दाखल केल्यावर आत काय चालते?

जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलेले आपले लाडके कुत्रे पाहून घरच्यांच्या पोटात तुटते. पण त्या पिंजऱ्याचेही काम असते. जनावर फिरत नाही, नळी ओढत नाही, त्याला झालेली उलटी किंवा लघवी किती व कशी हे कळते, आणि ते इतरांपासून वेगळे राहते.

थंड पडलेल्या पिल्लाला आधी ऊब आणि मग अन्न, हा नियम पाळतात. कारण अंग थंड असताना पोटात गेलेले दूध किंवा पेज पचत नाही आणि उलटून श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. ऊब देण्यासाठी गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून ठेवतात. गुंगीत असलेले जनावर बाजूला सरकू शकत नाही, म्हणून उघडी बाटली कातडीला लागली तर भाजते, हे घरीही लक्षात ठेवावे.

पूर्वी जुलाबाच्या रुग्णाला दोन-तीन दिवस पूर्ण लंघन घडवत. आता तसे करत नाहीत. उलटी आटोक्यात येताच थोडे थोडे पातळ अन्न, गरज पडल्यास नाकातून घातलेल्या बारीक नळीने, लवकर सुरू करतात. आतड्याचे अस्तर पोटात आलेल्या अन्नावरच पोसले जाते आणि त्यामुळे पिल्लू लवकर सावरते.

कंबर मोडलेले किंवा मागचे पाय गेलेले कुत्रे असेल, तर त्याला दर काही तासांनी कुशीवर वळवावे लागते. नाही तर हाडाच्या उंचवट्यांवर जखमा होतात. त्याचे मूत्राशय दिवसातून तीन-चार वेळा हाताने दाबून रिकामे करावे लागते. शस्त्रक्रियेनंतर भूल उतरेपर्यंत श्वास आणि तापमान पाहावे लागते, वेदनाशामक वेळेवर द्यावे लागते. ही सगळी कामे औषधाच्या चिठ्ठीत कोठेही लिहिलेली नसतात.

मांजराचे वेगळे गणित

मांजर म्हणजे लहान कुत्रे असे समजून चालत नाही. दोन प्रसंगी मांजराच्या बाबतीत एक दिवसही थांबू नये.

पहिला प्रसंग म्हणजे बोक्याची लघवी तुंबणे. बोका पुन्हा पुन्हा बसतो, कण्हतो, जोर करतो, पण थेंबही येत नाही. पुष्कळांना वाटते, त्याला शौचाला होत नाही, आणि ते एरंडेल पाजतात. लघवी पूर्ण तुंबली तर विषारी द्रव्ये आणि पोटॅशियम रक्तात साचून दोन-तीन दिवसांत मृत्यू येतो. भूल देऊन नळी घालणे आणि त्यानंतर एक ते तीन दिवस दवाखान्यात ठेवणे हाच त्यावर उपाय.

दुसरा प्रसंग म्हणजे खाणे सोडणे. कुत्रे दोन-तीन दिवस उपाशी राहिले तरी बहुधा निभावते. मांजर, त्यातही लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस काही न खाता राहिले तर शरीरातली चरबी यकृतात साचू लागते आणि कावीळ होते. मूळ आजार साधा असला तरी हा नवा आजार जीव घेतो. त्यामुळे न खाणाऱ्या मांजराला नळीने का होईना, अन्न द्यावेच लागते.

दवाखान्यात मांजराला कुत्र्यांच्या भुंकण्यापासून दूर, पिंजऱ्यावर चादर टाकून आणि आत लपायला एखादे खोके देऊन ठेवावे. घाबरलेले मांजर खात नाही. आणि एक कायमची सूचना : मांजराला पॅरासिटामॉल कधीही देऊ नये. माणसाची एक गोळीसुद्धा त्याला मारण्यास पुरेशी असते. कुत्र्यालाही आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी पोटात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

गोचीडताप आणि रक्ताची गरज

आपल्या भागात गोचिडांमुळे होणारे ताप फार आढळतात. कुत्रे मलूल होते, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येते, कधी लघवी तांबडी-काळसर होते. वेळेवर आणले तर औषधांनी बरे होते. उशीर झाला तर रक्त द्यावे लागते. कुत्र्यांमध्येही रक्तगट असतात. मात्र पूर्वी कधीच रक्त न दिलेल्या कुत्र्याला पहिल्या वेळी दुसऱ्या कुत्र्याचे रक्त बहुधा चालते. दुसऱ्या वेळी मात्र आधी रक्त जुळवून पाहणे आवश्यक असते. मांजरांच्या बाबतीत पहिल्या वेळीही रक्तगट पाहावाच लागतो.

लहान गावांत कुत्र्यांची रक्तपेढी नसते. रक्त मिळते ते दुसऱ्या कोणाच्या तरी धडधाकट कुत्र्याकडून. 25 किलोपेक्षा अधिक वजनाचे, तरुण, शांत स्वभावाचे, सर्व लसी दिलेले आणि तपासणीत गोचीडतापापासून मुक्त असलेले कुत्रे रक्त देऊ शकते, आणि त्यात त्याचे नुकसान होत नाही. ज्यांच्याकडे असे मोठे कुत्रे आहे, त्यांनी आपल्या पशुवैद्यकांकडे नाव आणि फोन क्रमांक नोंदवून ठेवावा. ऐन वेळी रक्तदाता शोधण्यात गेलेले चार तास फार महाग पडतात.

रात्री कोण असते?

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे येऊ. तालुक्याच्या गावी खासगी दवाखाना बहुधा एका डॉक्टरचा आणि एका मदतनिसाचा असतो. रात्री नऊनंतर तेथे कुलूप लागते. अशा ठिकाणी ‘रात्रभर ठेवा’ असा आग्रह धरण्यापूर्वी ‘रात्री जनावराजवळ कोण असते?’ हा प्रश्न मोकळेपणाने विचारावा. त्यात डॉक्टरांचा अपमान नाही. रात्री कोणीच नसेल, तर कुलूपबंद पिंजऱ्यापेक्षा जागे राहणारे घर बरे. मात्र ते घर तयार केलेले असावे.

याबाबत अमेरिकेतील कोलोरॅडो राज्य विद्यापीठाचा एक अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला, तो उपयोगी आहे. पार्वो झालेल्या 40 कुत्र्यांना आधी शिरेतून द्रव देऊन सावरून घेतले. नंतर 20 कुत्र्यांवर दाखल रुग्णांसारखे उपचार केले, त्यातली 18 वाचली. उरलेल्या 20 कुत्र्यांना घरी करता येतील असे उपचार दिले : कातडीखाली द्रव, उलटीचे रोजचे इंजेक्शन, दीर्घकाळ टिकणारे प्रतिजैविक आणि बळेच भरवलेले अन्न. त्यातली 16 वाचली. या दुसऱ्या गटाचीही देखरेख प्रशिक्षित लोकांनी दिवसातून अनेकदा केली होती, आणि साखर किंवा पोटॅशियम उतरल्यास ते लगेच भरून काढले होते, हे विसरू नये. म्हणजे पूर्णपणे दाखल करणे हेच उत्तम. पण ते शक्य नसेल तेव्हा काटेकोर पथ्याने केलेली घरची शुश्रूषाही पुष्कळ जीव वाचवू शकते. अधूनमधून केलेले उपचार मात्र या दोहोंत बसत नाहीत.

म्हणून डॉक्टरांशी बोलून असे ठरवावे : दवाखाना उघडल्यापासून बंद होईपर्यंत जनावर तेथे राहील आणि रात्री घरी येईल. पायातली नळी टोपण लावून, पट्टी बांधून तशीच ठेवावी. घरातल्या दोघांनी पाळीपाळीने जागावे. दर दोन तासांनी हिरड्यांचा रंग, श्वास, उलटी, जुलाब आणि अंगाची ऊब यांची वहीत वेळ घालून नोंद करावी. पिल्लू लुळे पडले किंवा थरथरू लागले तर हिरड्यांना मध किंवा साखरेचे पाणी चोळावे आणि डॉक्टरांना फोन करावा. बेशुद्ध जनावराच्या तोंडात काहीही ओतू नये. सकाळी ती वही दवाखान्यात न्यावी. डॉक्टरांना तिचा फार उपयोग होतो.

मोठी सोय कोठे मिळते?

आपल्याकडे प्राण्यांसाठी रुग्णालय ही कल्पना नवी नाही. मुंबईत परळ येथे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 साली सुरू झाले. अलीकडे 2024 साली महालक्ष्मी येथे टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले आहे. पण प्रत्येकाला मुंबई गाठता येत नाही. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ, अकोला येथेही पशुवैद्यकीय शिक्षणसंस्था आहेत आणि तेथे रुग्ण तपासले जातात. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असते. आपण त्याला ‘गुरांचा दवाखाना’ म्हणत असलो, तरी कुत्र्या-मांजरांना तेथे मज्जाव नाही. मात्र प्रत्येक ठिकाणी रात्री ठेवून घेण्याची सोय असेलच असे नाही. म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. अत्यवस्थ जनावराला आधी जवळच्या दवाखान्यात सलाईन लावून सावरून घ्यावे आणि मगच लांबचा प्रवास करावा.

दाखल करताना

लसीकरणाची वही, आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या, आणि विषबाधेची शंका असल्यास औषधाचा डबा किंवा पाकीट सोबत न्यावे. घरी कोणते औषध दिले ते लपवू नये. पार्वोची शंका असेल तर पिल्लाला दवाखान्याच्या जमिनीवर सोडू नये. ते टोपलीत ठेवून एकाने आत जाऊन सांगावे, म्हणजे लस घ्यायला आलेल्या इतर पिल्लांना बाधा होणार नाही. जनावराच्या अंगाखालचे जुने कापड सोबत द्यावे; ओळखीच्या वासाने ते शांत होते. भेटायला रोज जावे, पण थोडाच वेळ, आणि सोबत आणलेले खाणे विचारल्याशिवाय देऊ नये. घरच्या माणसाच्या हातून पहिला घास घेणारी कितीतरी जनावरे असतात, तेव्हा डॉक्टरच आपल्याला बोलावतील.

खर्चाचा अंदाज पहिल्याच दिवशी विचारावा. रोज किती येईल, साधारण किती दिवस लागतील आणि वाचण्याची आशा किती, हे तीन प्रश्न विचारण्यात संकोच करू नये. आपली ऐपत डॉक्टरांना स्पष्ट सांगितली तर त्या चौकटीत सर्वांत आवश्यक उपचार कोणते, हे ते ठरवू शकतात. न सांगता मध्येच उपचार बंद केले, तर झालेला खर्चही वाया जातो आणि जनावरही जाते. काही वेळा आजार हाताबाहेर गेलेला असतो आणि जनावर केवळ हाल सोसत असते. अशा वेळी शांतपणे मरण देण्याचा सल्ला डॉक्टर देतात. तो ऐकताना जड जाते. पण घरातील सर्वांनी, मुलांनाही खरे सांगून, एकत्र बसून विचार करावा.

घरी आणल्यावर

जनावर आपणहून खाऊ लागले, चोवीस तासांत उलटी झाली नाही आणि तापमान स्थिर राहिले, म्हणजे घरी सोडतात. यानंतरचा आठवडाही तितकाच महत्त्वाचा असतो. दिवसातून चार ते सहा वेळा थोडे थोडे अन्न द्यावे. मऊ भात आणि बिनमसाल्याचे उकडलेले चिकन किंवा डॉक्टरांनी सांगितलेला आहार चालतो. दूध, तेलकट आणि हाडे टाळावीत. ‘अशक्त झालाय’ म्हणून पहिल्याच दिवशी पोटभर मटण घालणे धोक्याचे असते.

शस्त्रक्रियेचे टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी काढतात. तोवर गळ्यात घातलेली प्लॅस्टिकची कॉलर काढू नये; एका रात्रीत टाके चाटून कुत्रे जखम उघडी करते. टाक्यांवर हळद, तेल किंवा राख लावू नये. गोचीडतापाच्या गोळ्या बहुधा चार आठवडे द्यावयाच्या असतात. कुत्रे खेळू लागले म्हणून त्या मध्येच सोडू नयेत.

पार्वोतून उठलेले पिल्लू त्यानंतर सुमारे दोन आठवडे विष्ठेतून विषाणू टाकत असते. तोवर त्याला बाहेर फिरवू नये. हा विषाणू जमिनीत अनेक महिने तग धरतो आणि फिनेलला दाद देत नाही. फरशी आधी धुऊन घ्यावी. नंतर एक भाग साधे ब्लीच आणि 30 भाग पाणी या द्रावणाने ती पुसून दहा मिनिटे ओली राहू द्यावी. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा संडास साफ करण्याचे द्रव कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. मांजर असलेल्या घरात फिनेल वापरूच नये, ते त्यांना विषारी असते. पार्वो होऊन गेलेल्या घरात लस पूर्ण न झालेले नवे पिल्लू पुढील कित्येक महिने आणू नये.

घरातल्या माणसांची काळजी

आजारी जनावराची शुश्रूषा करताना आपले आरोग्यही सांभाळले पाहिजे. कुत्र्यांचा पार्वो माणसाला होत नाही. मात्र लेप्टोस्पायरोसिस कुत्र्याच्या लघवीतून माणसाला होऊ शकतो. कुत्र्याला ताप आणि कावीळ असेल, तर त्याची लघवी हातमोजे घालूनच साफ करावी. हाताला जखम असलेल्यांनी व लहान मुलांनी दूर राहावे.

याहून गंभीर धोका रेबीजचा. लस न दिलेले कुत्रे अचानक लाळ गाळू लागले, जबडा लोंबू लागला, पाणी गिळता येईना, तर घशात हाडूक अडकले असेल असे समजून त्याच्या तोंडात हात घालू नये. त्याला कोंडून ठेवून पशुवैद्यकांना बोलवावे. चावा किंवा ओरखडा असेल किंवा जखमेला लाळ लागली असेल, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी माणसांच्या सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजमधून माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते.

लस स्वस्त पडते

दवाखान्यात आठवडा काढून वाचलेले पिल्लू पाहिल्यावर घरचे लोक म्हणतात, ‘आधी माहीत असते तर लस दिली असती.’ पार्वोची लस पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर सुरू करतात आणि 16 आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा देतात. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या डोसचे काम निष्फळ करू शकते, म्हणून एकच डोस देऊन थांबू नये. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात देतात आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे न चुकता चालू ठेवतात. ज्यांच्या घरी सध्या पिल्लू आहे, त्यांनी त्याची वही आजच काढून पुढची तारीख पाहावी. वहीच नसेल, तर या आठवड्यात पिल्लाला दवाखान्यात घेऊन जावे, आणि तेथे असताना रात्री तातडीची गरज पडल्यास कोणाला फोन करायचा, तेही विचारून घ्यावे.